नेत्यांची भाषणे तपासायला शिकवणारा वर्ग: नेरूळच्या रविवारच्या अभ्यासवर्गाविषयी

नेरूळमधल्या एका लहान वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर रविवारी सकाळी एक अभ्यासवर्ग भरतो. पर्यावरण आणि हवामानबदल यांविषयी आपली राजकीय मंडळी काय बोलतात, कोणत्या रीतीने बोलतात, आणि त्यांच्या बोलण्यामुळे आपण नागरिक कशावर हिरिरीने भांडतो व कशाकडे ढुंकूनही पाहत नाही, हा या वर्गाचा विषय आहे. एका तुकडीत साधारण २५ जणांना प्रवेश मिळतो, वर्ग सहा रविवार चालतो, शुल्क ८०० रुपये असून विद्यार्थ्यांना ते निम्मे आहे. वाचनालय स्वयंसेवकांच्या बळावर चालते आणि पुढे काही उणिवा स्पष्टपणे लिहायच्या आहेत, म्हणून त्याचे नाव येथे देत नाही. नेरूळ-सीवूड्स परिसरात वाचनाची आवड असलेल्या कोणालाही विचारले तरी पत्ता मिळेल.

माझे मत आधीच सांगून टाकते. गृहनिर्माण सोसायटीच्या कार्यकारिणीत असलेल्या, प्रभागाच्या प्रश्नांवर अर्ज-विनंत्या करणाऱ्या किंवा निवडणुकीत विचारपूर्वक मत देऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकाने हा वर्ग करावा. हवामानशास्त्र शिकायचे असेल तर मात्र येथे निराशा होईल, कारण वातावरणात कार्बन डायऑक्साइड वाढल्याने उष्णता कशी अडून राहते या मूलभूत भागाला पहिल्या दिवशी जेमतेम अर्धा तास मिळतो. वर्गाचा सारा भर वाक्यांवर आहे. कोणतेही आश्वासन समोर आले की ते कोठे पूर्ण होणार, कधीपर्यंत होणार, ते कोण करणार आणि झाले नाही तर जाब कोणाला विचारायचा, हे चार प्रश्न त्याला लावायचे, एवढीच येथील पद्धत आहे. ऐकायला ती फार साधी वाटते. प्रत्यक्षात या चार प्रश्नांपुढे टिकणारी वाक्ये किती थोडी असतात, हे स्वतः करून पाहिल्याशिवाय पटत नाही.

शिकवायला दोघे आहेत. एक सांडपाणी आणि पर्जन्यजल वाहिन्यांच्या कामात हयात घालवलेले निवृत्त स्थापत्य अभियंता, ज्यांना सगळे सर म्हणतात. आणि दुसऱ्या म्हणजे महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवणाऱ्या मॅडम. दोघांची प्रकृती अगदी भिन्न आहे आणि वर्गाला त्याचा फायदाच होतो.

सुरुवात प्रचारपत्रकांपासून होते. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांच्या निवडणुका जानेवारी २०२६ मध्ये झाल्या. नवी मुंबईत त्याआधीची निवडणूक २०१५ साली झाली होती, म्हणजे दहा वर्षांहून अधिक काळाने उमेदवार पुन्हा दारात आले होते. त्या दिवसांत घरोघरी वाटली गेलेली पत्रके वर्ग चालवणाऱ्यांनी जपून ठेवली आहेत. पक्षाचे चिन्ह आणि उमेदवाराचा फोटो कागदाच्या पट्टीने झाकून ती आमच्या हाती देण्यात आली. जे वाक्य पुढे तपासता येईल त्याखाली लाल आणि जे येणार नाही त्याखाली निळी रेघ ओढायची होती. आमच्या टेबलावरच्या पत्रकात लाल रेघ एकाच वाक्याखाली पडली. त्यात एका नाल्याचे नाव होते आणि त्याच्या कोणत्या बाजूला संरक्षक भिंत बांधणार हे लिहिले होते. बाकी हरित प्रभाग, प्रदूषणमुक्त भविष्य, खाडीकिनाऱ्याचे सुशोभीकरण असे सगळे निळे. पट्ट्या काढण्यापूर्वी कोणते पत्रक कोणत्या पक्षाचे हे ओळखायला सांगितले, तेव्हा वर्गातल्या जुन्या कार्यकर्त्यांनाही ते जमले नाही.

यावरची मॅडमची मांडणी मला फार मोलाची वाटली. अमेरिकेत २००२ साली प्रचार सल्लागार फ्रँक लुंट्झ यांनी रिपब्लिकन पक्षासाठी लिहिलेल्या टिपणात, शास्त्रज्ञांमध्ये हवामानबदलाबाबत खात्री नाही हा मुद्दा सतत पुढे ठेवावा, असा सल्ला होता. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत डोनाल्ड ट्रम्प यांनी हवामानबदल ही जगाची आजवरची सर्वांत मोठी फसवणूक असल्याचे म्हटले. तेथे भांडण उघड आहे, बाजू ठरलेल्या आहेत. आपल्याकडे असे भांडणच होत नाही, कारण व्यासपीठावरचा प्रत्येक जण पर्यावरणाच्या बाजूनेच बोलतो. सगळे एकाच बाजूचे असले की मतभेद नेमका कशाविषयी आहे हे मतदाराला कळायला मार्ग राहत नाही, आणि मग जमिनीविषयीचे, पाण्याविषयीचे, पैशाविषयीचे खरे निर्णय त्या सर्वमान्य शब्दांच्या आडून होत राहतात. नवी मुंबईला तर उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. महापालिकेने ‘फ्लेमिंगो सिटी’ ही शहराची ओळख केली, चौकाचौकांत रोहित पक्ष्यांच्या प्रतिकृती उभ्या राहिल्या, भिंती रंगल्या. आणि एप्रिल २०२४ मध्ये नेरूळच्या डीपीएस तलावात खरे रोहित पक्षी दगावले, तेव्हा त्या तलावात भरतीचे पाणी येण्याचा मार्ग अडल्याची तक्रार गाजत होती. पक्षी नागरिकांना आवडतो, म्हणून तो भाषणात येतो. ज्या चिखलात तो चरतो त्या चिखलाविषयी, आणि त्या चिखलापर्यंत पाणी आणणाऱ्या मोरीविषयी कोणी भाषण करत नाही.

धारण तलावांवरचे सत्र हा या वर्गाचा कळस आहे, आणि केवळ त्यासाठी सर्व शुल्क द्यायला मी तयार आहे. सरांनी फळ्यावर शहराचा उभा छेद काढला: डावीकडे पारसिकची टेकडी, मग रेल्वे, मग नोड म्हणजे वसाहत, आणि उजवीकडे खाडी. खाडीत त्यांनी खडूने दोन आडव्या रेघा ओढल्या, एक भरतीची आणि एक ओहोटीची; वरची रेघ त्यांनी तशीच डावीकडे शहरात नेली, तेव्हा ती रस्त्याच्या वरून गेली. नवी मुंबईचे अनेक सखल भाग मोठ्या भरतीच्या पातळीच्या खाली आहेत, हे वाक्य मी पुष्कळदा वाचले होते, पण त्याचा अर्थ त्या रेघेने कळला. म्हणूनच सिडकोने, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाने, डच धर्तीवर धारण तलाव बांधले, ज्यांना सगळे होल्डिंग पाँडच म्हणतात. भरतीच्या वेळी तलावाच्या तोंडाशी असलेल्या झडपा मिटतात आणि खाडीचे पाणी शहरात शिरत नाही. तेवढ्या वेळात पडलेला पाऊस तलावात साठतो. ओहोटी लागली की झडपा उघडतात आणि साठलेले पाणी खाडीत उतरते. वर्षानुवर्षे या तलावांत गाळ साचत गेला, गाळावर खारफुटी उगवली, आणि खारफुटीला तर मुंबई उच्च न्यायालयाच्या २००५ च्या अंतरिम आदेशापासून संरक्षण आहे. त्याच प्रकरणात १७ सप्टेंबर २०१८ रोजी दिलेल्या निकालात न्यायालयाने कांदळवनांचा, म्हणजे खारफुटीच्या वनांचा, नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग ठरवला असून, अपरिहार्य सार्वजनिक हिताखेरीज त्यांना हात लावता येत नाही.

आता पावसाळ्यात पाणी तुंबले की दोन प्रकारची विधाने ऐकू येतात. पहिले विधान असे की खारफुटीमुळे वस्त्या पाण्यात जातात आणि पर्यावरणवाद्यांना माणसांपेक्षा झाडे प्यारी आहेत. दुसरे असे की गाळ काढण्याच्या नावाखाली कांदळवने संपवून जमिनी घशात घालण्याचा डाव आहे. सरांनी ही दोन्ही वाक्ये फळ्यावर लिहिली आणि त्यांच्याखाली आपले प्रश्न मांडले: तलावाची मूळ खोली किती होती, आज किती आहे, झडपा नीट बसतात का, त्यांची शेवटची दुरुस्ती कधी झाली, पंप किती क्षमतेचे आहेत, खारफुटी उगवण्यापूर्वीची वर्षे गाळ का काढला गेला नाही. माणूस विरुद्ध झाड असे चित्र एकदा उभे राहिले की देखभालीचा हा सगळा हिशोब चर्चेतून बाहेर पडतो, कारण देखभाल न होण्याला एक जबाबदार माणूस असतो आणि निसर्गाला मात्र कोणी निलंबित करू शकत नाही. यात भर म्हणून अलीकडे हवामानबदल हेच उत्तर झाले आहे. पाऊस अभूतपूर्व होता, ढगफुटी झाली, आम्ही तरी काय करणार, असे सांगितले जाते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता, आणि तशा पावसापुढे कोणतीही व्यवस्था अपुरी पडेल हे सरांनीही मान्य केले. परंतु त्यांनी लगेच फळ्यावरची ओहोटीची रेघ थोडी वर सरकवली. समुद्राची पातळी जसजशी चढेल तसतसा झडपा उघड्या ठेवता येतील असा वेळ कमी होत जाईल, म्हणजेच हवामानबदल खरा मानला तर गाळ काढण्याची, झडपा दुरुस्त करण्याची आणि पंप वाढवण्याची निकड दुप्पट होते. जो नेता हवामानबदलाचे नाव घेऊन हात वर करतो, त्याला त्याच हवामानबदलाचे नाव घेऊन कामाला लावता येते. वर्गात हे ऐकताना मला खरोखर बळ मिळाल्यासारखे वाटले.

मोठ्या व्यासपीठांवरच्या भाषणांचे सत्र मॅडम घेतात. इंदिरा गांधी यांनी १४ जून १९७२ रोजी स्टॉकहोम येथे संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण परिषदेत केलेल्या भाषणातला, दारिद्र्य आणि गरज हेच सर्वांत मोठे प्रदूषक नाहीत का, हा प्रश्न आपल्याकडे आजही उद्धृत होतो, आणि बहुधा तो आधी विकास, मग पर्यावरण या क्रमाच्या समर्थनासाठी वापरला जातो. मॅडमनी तो उतारा मागच्या-पुढच्या मजकुरासह वाचायला लावला. तेथे आदिवासींच्या आणि जंगलालगत राहणाऱ्यांच्या दैनंदिन गरजांचा विषय चालू आहे, आणि गरिबीच्या स्थितीत पर्यावरण सुधारता येणार नाही, असे पुढे म्हटले आहे. ज्या सरकारच्या प्रमुखाने हे भाषण केले त्याच सरकारच्या काळात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९७४ चा जलप्रदूषण प्रतिबंधाचा कायदा आला, आणि १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने पर्यावरणरक्षण हे राज्याचे आणि नागरिकांचे कर्तव्य ठरवणारे अनुच्छेद ४८-क व ५१-क (छ) राज्यघटनेत दाखल झाले. भाषणातले एक वाक्य उचलून त्याच्या नेमक्या विरुद्ध धोरणासाठी पन्नास वर्षे कसे वापरता येते, याचे इतके चांगले उदाहरण मी पूर्वी पाहिले नव्हते.

त्याच तासाला ग्लासगोच्या हवामान परिषदेतले भाषणही घेतले गेले. १ नोव्हेंबर २०२१ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी पाच संकल्प जाहीर केले आणि त्यांना पंचामृत म्हटले. त्यांतला एक असा की २०३० पर्यंत भारत आपल्या ऊर्जेच्या गरजेपैकी ५० टक्के गरज नवीकरणीय ऊर्जेतून भागवेल. ऑगस्ट २०२२ मध्ये जे अधिकृत उद्दिष्ट मंजूर होऊन संयुक्त राष्ट्रांकडे गेले, त्यात मात्र विजेच्या स्थापित क्षमतेपैकी सुमारे ५० टक्के क्षमता बिगरजीवाश्म, म्हणजे कोळसा, तेल, वायू यांखेरीजच्या, स्रोतांची असेल, असे आहे. ऊर्जेत स्वयंपाकाचा गॅस, ट्रकचे डिझेल, पोलाद भट्टीचा कोळसा सगळे येते. स्थापित क्षमता म्हणजे केवळ वीजनिर्मितीच्या यंत्रसामग्रीची ताकद, आणि त्यातही सौर पॅनेल रात्री वीज देत नाही. हे दुसरे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्येच, म्हणजे मुदतीच्या पाच वर्षे आधी गाठले. ती अभिमानाचीच गोष्ट आहे आणि मॅडमनी तसे मोकळेपणाने सांगितले. मात्र देशातली बहुतांश वीज अजूनही कोळशापासूनच तयार होते, आणि निम्मी क्षमता बिगरजीवाश्म झाली याचा अर्थ निम्मी वीजही तशीच झाली असा करून घेणारे सुशिक्षित लोक आमच्या वर्गातच निघाले. भाषणावर टाळ्या पडतात, बांधिलकी कागदाशी असते, आणि या दोहोंमधले अंतर वाचणारे नागरिक थोडे असले की ते अंतर कोणाला खुपत नाही.

व्यक्तिगत जीवनशैलीवरच्या सत्राबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. २० ऑक्टोबर २०२२ रोजी केवडिया येथे सुरू झालेले केंद्राचे ‘मिशन लाइफ’ आणि राज्याचे २०२० पासूनचे ‘माझी वसुंधरा’ अभियान यांची तुलना झाली, पण ती वरवरची होती. कापडी पिशवी वापरणे चांगलेच. शहराचा कचरा कोणाच्या वस्तीजवळ टाकायचा हा निर्णय मात्र पिशवीने होत नाही, एवढ्या मुद्द्यापाशी चर्चा थांबली.

पर्यावरणीय मंजुरीच्या सत्रात माहिती उत्तम होती आणि साहित्य वाईट. १४ सप्टेंबर २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांना मंजुरीपूर्वी जनसुनावणी घ्यावी लागते, ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही ठेवावा लागतो. परंतु इमारती, बांधकाम क्षेत्र विकास आणि टाउनशिप हे प्रकल्प या जनसुनावणीतून वगळलेले आहेत. घोडबंदर रस्त्यावर किंवा खारघरमध्ये आपल्या डोळ्यांदेखत जे शहर उभे राहिले त्यातल्या गृहसंकुलांबाबत त्यामुळे कोणालाही आपले म्हणणे मांडायला बोलावले गेले नाही, ही गोष्ट वर्गातल्या बहुतेकांना नवी होती. आपण जिला सार्वजनिक चर्चा म्हणतो ती चर्चा पुष्कळदा कायद्यानेच होऊ दिलेली नसते, आणि मग तिची जागा होर्डिंग घेते. एवढा महत्त्वाचा विषय, आणि त्याचे टिपण केवळ इंग्रजीत, तेही झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यामुळे कडेच्या ओळी गायब झालेले. २००६ च्या अधिसूचनेच्या जागी आणण्यासाठी काढलेल्या २०२० च्या मसुदा अधिसूचनेचे भाषांतर राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या सर्व २२ भाषांमध्ये व्हावे, असा आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जून २०२० रोजी दिला होता, हे याच तासाला शिकवले गेले. वर्गाने निदान आपले टिपण मराठीत द्यायला हवे. माझ्या शेजारी बसलेल्या, मराठी माध्यमातून शिकलेल्या आजींनी ते न वाचताच पिशवीत ठेवून दिले, आणि त्या संपूर्ण सत्रात काही बोलल्या नाहीत. धारण तलावांच्या वेळी त्यांचेच प्रश्न सर्वांत नेमके होते.

याहून मोठी उणीव मला वेगळी वाटते. सत्ताधाऱ्यांच्या आणि विरोधकांच्या वाक्यांना हा वर्ग जे चार प्रश्न लावतो, ते पर्यावरण चळवळीच्या वाक्यांना तितक्या कसोशीने लावत नाही. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी तोडायच्या खारफुटीचा मूळ आकडा ५३ हजारांच्या पुढे होता. आराखड्यात बदल झाल्यावर तो सुमारे २२ हजारांवर आला, आणि उच्च न्यायालयाने ९ डिसेंबर २०२२ रोजी परवानगी दिली ती या कमी झालेल्या आकड्याला. आमच्या चर्चेत एका उत्साही तरुणाने जुनाच आकडा ठणकावून सांगितला आणि तो कोणी दुरुस्त केला नाही. तो दुरुस्त केला असता तर आणखी एक महत्त्वाचा प्रश्न विचारता आला असता: आकडा निम्म्याहून खाली आणणे शक्य होते, तर ते पहिल्याच आराखड्यात का झाले नाही, आणि कोणाच्या दबावाने पुढे झाले? चुकीचा आकडा वापरल्यामुळे चळवळीच्याच एका मोठ्या यशाची चर्चा राहून गेली. ज्या बाजूवर आपले प्रेम आहे तिची वाक्ये अधिक कडकपणे तपासली पाहिजेत, असे मला मनापासून वाटते, आणि आयोजकांनी पुढच्या तुकडीत यासाठी एक पूर्ण रविवार राखून ठेवावा.

शेवटच्या रविवारी दिवाळे कोळीवाड्यातल्या एका काकांना बोलावले होते. त्यांना पंधरा-वीस मिनिटे मिळाली, ती फार कमी होती. ते म्हणाले, “भाषण करणारे आले की खाडीत जमीन बघतात, दुर्बीण लावणारे आले की पक्षी बघतात. आमचं जाळं दोघांनाही दिसत नाही.” मग त्यांनी जिताडा पूर्वी कोठे मिळायचा, चिंबोरी धरायला कोणत्या भागात जावे लागायचे आणि आता तेथे काय आहे, हे जागांची नावे घेऊन सांगितले. कोठे, कधी, कोणी, कोणाला विचारले, या चारही प्रश्नांची उत्तरे त्यांच्या बोलण्यात न मागता येत होती. ठाणे खाडीचा १६९० हेक्टरचा रोहित अभयारण्य म्हणून घोषित झालेला भाग आणि २०२२ मध्ये तिला मिळालेला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ही मान्यता, यांचा उल्लेख वर्गात सतत झाला, पण या खाडीवर ज्यांची चूल पेटते त्यांना पहिल्याच सत्रात बोलावले असते, तर पुढची सगळी भाषणे आम्ही वेगळ्या कानांनी ऐकली असती.

व्यवस्थेबद्दल थोडेसे. सभागृह हवेशीर आहे, पंखे चालतात, पण शेजारच्या मैदानातल्या क्रिकेटचा आरडाओरडा मागच्या रांगेत फार येतो, तेव्हा लवकर जाऊन पुढे बसावे. वर्ग वेळेवर सुरू होतो आणि कधीच वेळेवर संपत नाही. जिना चढता येत नसलेल्या ज्येष्ठांसाठी काहीही सोय नाही, ती तातडीने व्हायला हवी. प्रश्न विचारणाऱ्याला मध्येच तोडले जात नाही, वेगळ्या पक्षाच्या माणसाला हिणवले जात नाही, आणि आजच्या वातावरणात या दोन्ही गोष्टींचे मोल मी फार मोठे मानते.

पावसाळ्यानंतर ठाण्यातही एक तुकडी सुरू करण्याचा विचार चालू आहे असे सांगण्यात आले. ती झाली तर पहिल्याच रविवारी ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याची कागदपत्रे टेबलावर ठेवावीत, अशी सूचना मी अभिप्रायवहीत लिहिली आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाखालून जाणाऱ्या या ११.८ किलोमीटरच्या प्रकल्पाचे भूमिपूजन १३ जुलै २०२४ रोजी झाले; प्रवासाचा वाचणारा वेळ आणि इंधन हे त्याच्या समर्थनाचे मुख्य मुद्दे आहेत, तर बोगद्याच्या तोंडाशी राहणाऱ्यांचे प्रश्न धूळ, वाहतूक आणि घरांच्या सुरक्षिततेचे आहेत. वाचणारे इंधन कोणत्या वर्षीच्या वाहनसंख्येवर मोजले आहे आणि धुळीची मोजणी कोण, कोठे बसून करणार आहे, या दोन प्रश्नांपासून ठाण्याच्या वर्गाला सुरुवात करता येईल.